स्वरतंतूवरची गाठ आणि खुर्चीतला लेसर : सोलापूरहून निघण्याआधी ते आवाज परत येईपर्यंत

मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारणारे एक मामा दोन वर्षांपूर्वी माझ्या खोलीत आले. आल्या आल्या त्यांनी टेबलावरचं पॅड ओढलं आणि लिहिलं, ‘आवाज निघंना.’ मग खिशातून घडी पडलेला रिपोर्ट काढला. त्यावर एवढंच होतं : उजव्या व्होकल कॉर्डवर (म्हणजे स्वरतंतूवर) ग्रोथ, लेसर करावा. मामी शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मॅडम, लेसर म्हणजे आतून जाळतेत का वो?”

मी सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आवाजाचं कारण त्यांचा धंदा सांगतो. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तास एकमेकांशी ओरडून बोलणारे कामगार, साठ पोरांच्या वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या बाई, वारीच्या दिवसांत एका गावाहून दुसऱ्या गावाला कीर्तनं करत फिरणारे महाराज. गणपतीत लेझीमच्या ताफ्यापुढे ओरडणारी पोरं विसर्जनानंतरच्या आठवड्यात येतात आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत दुकान लावणारे संक्रांतीनंतर. भूल न देता, खुर्चीत बसवून, नाकातून दुर्बीण घालून करायचा लेसर आता यातल्या बऱ्याच जणांच्या कानावर आलेला असतो. त्यांच्या डोक्यात त्याबद्दल जे असतं ते फार भीतीचं किंवा फार आशेचं असतं. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

किती दिवस वाट पाहायची

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटतो. चार आठवडे उलटले आणि आवाज अजून घोगराच आहे, तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र बघून घ्यायचं. बिडी, सिगारेट, मावा, दारू यांपैकी काही असेल तर चार आठवडेही थांबू नका. थुंकीतून रक्त येणं, गिळताना अडकणं, मानेला गाठ लागणं, कारण नसताना एका बाजूचा कान दुखत राहणं, वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर असा आवाज यायला लागला असेल तर वाट कसली बघायची, थेट कॅज्युअल्टीत जा. तिथे लेसरचा विचार नंतर होतो, आधी श्वासाची वाट मोकळी करतात.

परवडत नाही म्हणून पहिली तपासणी टाळू नका. सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नाक-कान-घशाची ओपीडी आहे. केसपेपर काढा आणि बसा. रांग असते, पण काम होतं.

आधी गाठीचं नाव

‘ग्रोथ’ हे नाव नव्हे. कोणी कांद्याच्या गोणीवर नुसतं ‘माल’ लिहिलं तर मामा बोली लावतील का? स्वरतंतूवर जे वाढतं त्याचे पाच-सहा प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. लेसरची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, “याला काय म्हणतात?” आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

हातमाग ओढून तळहाताला घट्टे पडतात तसे ओरडून ओरडून दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर घट्टे पडतात. त्यांना नोड्यूल म्हणतात. शिक्षिकांमध्ये हे सगळ्यात जास्त. यांना पहिला उपाय लेसर नाही. बोलण्याची पद्धत सुधारली की बहुतेकांचे घट्टे मऊ पडतात, लहान होतात, आवाज चालू लागतो. एका बाईंना कोणीतरी लेसरची तारीख देऊन टाकली होती. त्या माझ्याकडे ‘लेसरनंतरचे व्यायाम’ विचारायला आल्या. मी म्हटलं, व्यायाम आधी करू. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा लेसर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पॉलिप बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. एकदा जोरात ओरडलं, आतली बारीक रक्तवाहिनी फुटली आणि त्या जागी फुगा धरला, असा त्याचा इतिहास असतो. मामांचा हाच होता, लालभडक, मसुरीच्या डाळीएवढा. लाल, रक्ताने भरलेल्या पॉलिपवर खुर्चीतला लेसर चांगला चालतो.

पॅपिलोमा म्हणजे घशातली चामखीळ. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होते. काढली तरी पुन्हा येते, कधी चार महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी. काही पेशंटना आयुष्यात दहा-वीस वेळा ती काढावी लागते. दर वेळी पूर्ण भूल नको म्हणून अशांसाठी खुर्चीतला लेसर खरोखर वरदान आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ च्या जानेवारीत आलेली सर्व्हावॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. ही लस आपण मुलींच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी म्हणून ओळखतो. पण ६ आणि ११ हे प्रकार त्यात आहेत, म्हणून पॅपिलोमाच्या पेशंटने तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. आधी झालेला संसर्ग ती बरा करत नाही, हेही लक्षात ठेवा.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे स्वरतंतू पाण्याने भरल्यासारखे सुजतात आणि बाईचा आवाज पुरुषासारखा होतो. त्याला राइंके इडिमा म्हणतात. बिडी चालूच राहिली तर लेसर करून उपयोग नाही, सूज परत येते. ग्रॅन्युलोमा स्वरतंतूंच्या मागच्या टोकाला होतो. कारण पोटातलं आम्ल वर येणं, सतत खाकरणं किंवा मागच्या कुठल्या ऑपरेशनमध्ये श्वासासाठी घशात घातलेली नळी. तिथे आधी आम्लाच्या गोळ्या आणि बोलण्याची पद्धत, लेसर अगदी शेवटी. घाईने काढलेला ग्रॅन्युलोमा हट्टाने परत येतो.

राहिला पांढरा चट्टा. इथे मी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक सत्तरीचे आजोबा आले, आयुष्यभर बिडी ओढलेले. सोबत हाताने लिहिलेला रिपोर्ट : ‘स्वरतंतू जाड.’ मी व्हिडिओ मागितला नाही. सहा आठवडे व्यायाम घेतले. आवाज हलेना म्हणून शेवटी दुसरीकडे दुर्बीण घालायला लावली, तर डाव्या स्वरतंतूवर पांढरा चट्टा. तुकडा तपासला, कॅन्सर झाला नव्हता, पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. ते सहा आठवडे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून व्हिडिओ पाहिल्याशिवाय मी कोणाचा पहिला धडाही घेत नाही.

पांढरा चट्टा, खडबडीत लाल चट्टा किंवा ज्याबद्दल शंका आहे असं काहीही असेल तर आधी तुकडा काढून बायोप्सी. लेसरने गाठ जागेवरच मरते आणि झडते, मग तपासायला हातात काही राहत नाही. पुष्कळदा त्याच दुर्बिणीतून बारीक चिमट्याने तुकडा घेऊन लगेच पुढे लेसर करतात. तसं करणार आहेत का, हे आधी विचारून ठेवा.

लेसर आत नेमकं करतो काय

मामींच्या प्रश्नाचं उत्तर : या लेसरचं मुख्य काम जाळणं हे नाही. घशाच्या कामाला दोन जातींचे लेसर वापरतात. एक कार्बन डायऑक्साइड लेसर. तो पाण्यात शोषला जातो आणि पेशींमध्ये पाणीच पाणी असल्याने तो सुरीसारखा कापतो. बोस्टनच्या स्ट्राँग आणि जाको यांनी १९७२ मध्ये तो स्वरयंत्रावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन तोच चालत आला आहे.

दुसरी जात रक्ताच्या रंगावर काम करणारी. केटीपी लेसरचा प्रकाश हिरवा असतो, ५३२ नॅनोमीटरचा. निळा लेसर ४४५ नॅनोमीटरचा. हा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, भोवतालची पांढरी ऊती त्या मानाने कमी शोषते. त्यामुळे गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आटतात. लाल गाठ डोळ्यांदेखत पांढरी पडते आणि पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत गळून जाते. झाडाचं पाणी तोडल्यासारखं. हा प्रकाश केसाच्या काही पट जाड, पाव ते अर्धा मिलिमीटरच्या काचतंतूतून नेता येतो आणि तो तंतू नाकातून जाणाऱ्या लवचिक दुर्बिणीच्या पोकळीत मावतो. म्हणून हे सगळं खुर्चीत बसून जमतं. बोस्टनच्याच झीटेल्स यांनी २००० नंतरच्या वर्षांत या पद्धतीवर बरंच काम केलं.

एवढी नाजूक काळजी कशासाठी, तेही सांगते. स्वरतंतू जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा. बोलताना पुरुषाचा सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा थरथरतो, बाईचा दोनशेच्या आसपास. ही थरथर त्याच्या कातडीखालच्या जेलीसारख्या पातळ थरामुळे होते. तो थर एक मिलिमीटरही जाड नसतो. त्याला इजा झाली की तिथे व्रण धरतो, आणि व्रण थरथरत नाही. गाठ गेली आणि आवाज मात्र कायमचा चिरका राहिला, असे पेशंट मी पाहिले आहेत. म्हणून ‘लेसर आहे का’ यापेक्षा ‘तो कोणाच्या हातात आहे’ हे जास्त महत्त्वाचं.

खुर्ची कोणाला चालेल

नाकात दुर्बीण घातली की ज्यांना ओकारीच थांबत नाही, ज्यांचा रक्तदाब औषधांनीही ताब्यात नाही, ज्यांना लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी आहे, त्यांना खुर्ची नको. लहान मुलांनाही नको. गाठ एवढी मोठी असेल की श्वास अडतोय, तर थिएटरच बरं, कारण लेसरनंतर सूज येते आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. हाच विचार श्वासनळीतल्या, स्वरतंतूंच्या खालच्या गाठींचा. तिथे खुर्चीतला लेसर करतात, पण निवडून निवडून. कॅन्सर ठरलेला असेल तर उपचार कोणता हे कॅन्सरच्या टीमने ठरवायचं.

याउलट वय जास्त, हृदयाचा त्रास, पूर्ण भूल धोक्याची, मान मागे वळत नाही, तोंड नीट उघडत नाही, अशांना खुर्चीच सोयीची. ऑपरेशनमध्ये तोंडातून लोखंडी नळी घालून मान मागे ताणावी लागते. खुर्चीत तो प्रकारच नाही. फायदा आणखी एक आहे. पेशंट जागा असतो, त्यामुळे मध्ये ‘ई’ म्हणायला लावून स्वरतंतू कसे मिटतात ते डॉक्टरांना लगेच दिसतं.

दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या टोकाला, जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे गाठी असतील तर डॉक्टर बहुधा एका वेळी एकच बाजू करतात. दोन्ही बाजू एकदम कच्च्या झाल्या तर बेडकाच्या बोटांमधल्या पडद्यासारखा पडदा धरतो. “एकदाच उरकून टाका की” असा आग्रह धरू नका.

फोनवर विचारायचं

मामांना आम्ही पुण्याला पाठवलं. पाठवण्याआधी फोनवर पाच मिनिटं बोललो. तुम्हीही बोला. लेसर कोणता आहे, केटीपी, निळा की दुसरा? खुर्चीत, जागेपणी करता का, की भूल देऊन? माझ्या प्रकारच्या गाठीवर किती वेळा करता? स्ट्रोबोस्कोपी आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. स्ट्रोबोस्कोपी म्हणजे लुकलुकणाऱ्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर सावकाश झाल्यासारखी दिसते. साध्या दुर्बिणीत नुसती गाठ दिसते. गाठीखालचा स्वरतंतू मऊ आहे की ताठ, हे स्ट्रोबोस्कोपीतच कळतं.

पैशांचं आधी बोला. लेसरचा तंतू, दुर्बीण, बायोप्सीची तपासणी, पुन्हा एकदा करावं लागलं तर त्याचे किती, हे सगळं वेगवेगळं विचारा. विमा असेल तर जास्त सावध. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी २४ तास दाखल झाल्याशिवाय किंवा ‘डे केअर’ म्हणून धरल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि खुर्चीतल्या लेसरला ओपीडीतलं काम म्हणून नाकारलं जाऊ शकतं. कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ला अर्थ नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण ठरवून दिलेल्या यादीतलेच. यादीत तुमचं काम बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

जाण्याआधीचा आठवडा

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिनसुद्धा, चालू असतील तर यादी दाखवा. खुर्चीतल्या लेसरला त्या बऱ्याचदा बंद कराव्या लागत नाहीत, पण ते डॉक्टर ठरवतील. स्वतःच्या मनाने बंद करून अर्धांगवायू ओढवून घेऊ नका. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायचीच, चुकवायची नाही. मधुमेहाच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं विचारून घ्या, कारण काही तास उपाशी राहायला सांगतात. वजन करून ठेवा. बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते.

आदल्या रात्री आवाज रेकॉर्ड करा. मोबाइल तोंडापासून एका वितीवर धरायचा, पंखा बंद. एका श्वासात ‘आऽऽ’ जमेल तेवढा वेळ, मग एक ते वीस आकडे, मग ओळखीचा कुठलाही उतारा. मामांनी बोली पुकारली होती : “बाराशे, बाराशे, साडेबाराशे…” चौथ्या आकड्याला आवाज तुटला. तो तुकडा माझ्याकडे अजून आहे.

त्या दिवशी

मी मामांबरोबर गेले होते, मला आत बसू दिलं. जे पाहिलं ते सांगते.

खोली दवाखान्यासारखीच, थिएटरसारखी नाही. नाकात बधिर करणाऱ्या आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस ठेवला, दहा मिनिटं. घशात फवारा मारला. कडू लागतं, आणि मग घसा सुजल्यासारखा, गिळता येत नाही असं वाटतं. इथे माणसं घाबरतात. मामाही घाबरले, माझ्याकडे हात केला. गिळता येत असतं, फक्त कळत नसतं. नर्सताईंनी त्यांना लाळ गिळून दाखवायला लावलं तेव्हा ते शांत झाले.

बसायचं कसं, याचं एक गणित आहे. पाठ ताठ, कमरेतून जरा पुढे, हनुवटी पुढे काढलेली, फुलाचा वास घेतल्यासारखी. दुर्बीण पेन्सिलीहून जरा बारीक, नेहमीच्या तपासणीच्या दुर्बिणीपेक्षा थोडी जाड, कारण तिच्या पोटात तंतू जायची पोकळी असते. नाकातून ती जाताना दुखत नाही, दाबल्यासारखं होतं.

मग सगळ्यात अवघड अर्धा मिनिट. डॉक्टर म्हणाले, “आता ‘ईऽऽऽ’ म्हणा, थांबू नका.” मामा ‘ईऽऽऽ’ म्हणत असताना दुर्बिणीतून लिग्नोकेनचे थेंब थेट स्वरतंतूंवर सोडले. ‘ई’चा एकदम गुळण्या केल्यासारखा गडगडाट झाला, मग जोरदार ठसका. असं दोन-तीन वेळा. हा ठसका यायलाच हवा, त्यानेच औषध सगळीकडे पसरतं. दर वेळी ठसका कमी होत गेला. शेवटच्या वेळी थेंब पडले आणि मामांना कळलंही नाही. आता स्वरतंतू बधिर झाले होते. या सुमाराला ओठांभोवती मुंग्या, कानात घूं घूं, चक्कर असं काही वाटलं तर लगेच हात वर करा. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असते.

खोलीतल्या सगळ्यांनी रंगीत चष्मे घातले, मामांच्याही डोळ्यांवर चढवला. दाराबाहेर लाल दिवा लागला. बोटाला नाडीचं यंत्र, दंडाला बीपीचा पट्टा. सुरुवातीला बीपी वाढतंच, ते मधूनमधून बघत राहतात. मामांना एवढंच सांगितलं होतं : हळू श्वास नाकाने, बोलायचं नाही, थांबवायचं असेल तर डावा हात वर.

पडद्यावर लाल पॉलिप दिसत होता. तंतूचं टोक त्याच्या जवळ आलं आणि टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकेला पॉलिपवर एक पांढरा ठिपका. केस जळल्याचा वास आला. धूर दुर्बिणीतूनच ओढून घेतात. पॅपिलोमा असेल तर त्या धुरात विषाणू असू शकतो, म्हणून स्टाफ जाड मास्क घालतो. मामांनी दोनदा हात वर केला, एकदा लाळ गिळायला आणि एकदा नुसताच. दोन्ही वेळा डॉक्टर थांबले. नंतर मामांनी पॅडवर लिहिलं, ‘चटका बसतंय, पण मिरचीएवढा बी न्हाई.’ दुर्बीण नाकात गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंचवीस मिनिटं लागली. त्यात प्रत्यक्ष लेसर आठ-दहा मिनिटं.

पहिले दोन तास

घसा बधिर आहे तोवर पाण्याचा थेंबही नाही. किमान दोन तास, किंवा डॉक्टर सांगतील तेवढे. बधिर घशातून पाणी चुकीच्या वाटेने फुफ्फुसात जातं आणि ठसकाही लागत नाही. मामींनी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, सोलापूरची माणसं दुसरं काय आणणार. ती चटणी पुढचा आठवडाभर डब्यातच राहिली. दोन तासांनी आधी एक घोट गार पाणी, खोकला आला नाही तर मग मऊ भात.

गप्प बसण्याचे दिवस

किती दिवस गप्प राहायचं हे डॉक्टर ठरवतात, साधारण दोन-तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत. गप्प म्हणजे गप्प. कुजबुजणं म्हणजे विश्रांती असा सगळ्यांचा समज आहे. तसं नाही. जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्र आवळलं जातं आणि घसा आणखी थकतो. खाकरणंही बंद. कफ आल्यासारखं वाटलं की पाण्याचा घोट घ्या आणि गिळा.

यातला खरा कठीण भाग म्हणजे परतीचा प्रवास. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांची सोय होते, पण डब्यात चार ओळखीचे भेटतातच. “काय मामा, पुण्याला कशाला?” मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं, मामींनी चिमटा काढला. तेव्हापासून मी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा गळ्यात घालायला देते : ‘घशाचं काम झालंय. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. खुणेने बोला.’ लाज वाटते खरी, पण कुर्डुवाडीपर्यंत सगळे समजून घेतात. फोन बंद ठेवा किंवा घरच्या कोणाकडे द्या. वाजला की हात जातो आणि ‘हॅलो’ निघतंच.

गप्प राहायचे दिवस संपले की एकदम मैदानात उतरायचं नाही. पहिल्या दिवशी तासाला चार-पाच मिनिटं, जवळच्या माणसाशी, नेहमीच्या पट्टीत. मग रोज थोडं वाढवायचं. आवाज आधी होता त्याहून खराब वाटेल, कारण स्वरतंतू सुजलेले असतात आणि गाठीची खपली अजून झडायची असते. दोन आठवड्यांपर्यंत हे चालतं. त्यावरून लेसर फसला असं ठरवू नका.

घरगुती उपाय

मिठाच्या गुळण्या, आलं-मध, ज्येष्ठमध, खडीसाखर. सगळे प्रेमाने सुचवतात. यातलं काहीही स्वरतंतूंना शिवत नाही. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, आणि गुळण्यांचं पाणी स्वरयंत्राच्या वरच थांबतं. स्वरतंतूंवर पोचलं तर ठसका लागेल! ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटत असेल तर घ्या, बीपी असेल तर तेही नको.

स्वरतंतू ओले राहतात ते पोटात गेलेल्या पाण्याने आणि दमट हवेने. सोलापूरच्या मे महिन्यात हे विसरू नका. दिवसभर थोडं थोडं पाणी, चहा कमी. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. आपल्याकडे दुकानं बंद करून साडेदहाला जेवतात आणि अकराला आडवे होतात. त्या तिखटाबरोबर पोटातलं आम्ल रात्रभर घशापर्यंत येतं आणि ताज्या जखमेवर बसतं. चटणीपेक्षा आडवं होण्याची वेळ जास्त नडते.

बिडी, सिगारेट बंद. घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्याने बाहेर जायचं.

कशाला घाबरायचं

पहिले एक-दोन दिवस थुंकीत रक्ताची रेघ, नाकातून थोडं रक्त, घशात खवखव, हे चालतं. श्वास घ्यायला त्रास, घरघर, ताजं लाल रक्त, ताप, गिळता न येणं किंवा दुखणं रोज वाढत जाणं, यातलं काही झालं तर पुण्याला फोन करत बसू नका. सोलापुरातल्या जवळच्या कॅज्युअल्टीत जा आणि लेसरचा कागद सोबत न्या. हा कागद पाकिटात ठेवायचा, कपाटात नाही.

सहा आठवड्यांनी

पुन्हा स्ट्रोबोस्कोपी. गाठ उरली असेल तर दुसरी फेरी लागते, आणि मोठ्या पॉलिपला ती लागू शकते हे आधीच धरून चाला. पॅपिलोमाच्या पेशंटने तर कॅलेंडरवर पुढची तपासणी लिहूनच घरी जायचं, आवाज चांगला असला तरी.

या मधल्या काळात थेरपी. ज्या ओरडण्याने पॉलिप झाला ते ओरडणं तसंच राहिलं तर दुसऱ्या बाजूला नवा होतो. मामांना मी नळीतून फुंकर मारत पाण्यात बुडबुडे काढत ‘ऊऽऽ’ म्हणायला लावलं, पोटाने श्वास भरायला शिकवलं आणि बोलीच्या दोन आकड्यांमध्ये श्वास घ्यायची जागा ठरवून दिली. ते म्हणाले, “मधी थांबलो तर गिऱ्हाईक जातंय की.” मग आम्ही मार्केटातल्या ओट्यावर उभं राहून घड्याळ लावून पाहिलं. श्वासाला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात कोणी पळून जात नाही. शेवटी त्यांच्या मुलाने बॅटरीवर चालणारा कमरेचा छोटा स्पीकर आणून दिला. असा स्पीकर शिक्षिकांना आणि कीर्तनकारांना मी पहिल्याच दिवशी घ्यायला सांगते.

फाइलमध्ये काय ठेवायचं : लेसरआधीचा आणि नंतरचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर, बायोप्सीचा रिपोर्ट, कोणत्या बाजूला कोणता लेसर केला याची नोंद, आणि आधी-नंतरची आवाजाची रेकॉर्डिंगं. व्हिडिओ मागितल्याशिवाय मिळत नाही, तिथून निघायच्या आधीच मागा.